दोघींच्या मधले तीनशे मिलिव्होल्ट

४ फेब्रुवारी

वन्संना धाकट्या भावजयीचा नमस्कार, आणि सोबतच्या खोक्यात कापसात गुंडाळलेली एक चकती.

चकती जपून काढा. शर्टाच्या बटणाएवढी आहे. हातातून निसटली तर थेट टेबलाखाली जाईल, तुम्ही गुडघा धरून वाकाल आणि शिव्या मला बसतील.

फोन सोडून पत्र का, असं विचाराल. मुख्य कार्यालयातल्या साहेबांचा नियम तुम्हालाही आलाच असेल. एकच चकती आधी आमच्या प्रयोगशाळेत मोजायची, मग तुमच्या. दोघींनी आपापला आकडा पाकिटात बंद करून फक्त साहेबांना पाठवायचा आणि एकमेकींजवळ ब्र काढायचा नाही. आता माझ्या तोंडात तीळ भिजत नाही हे तुम्ही लग्नाच्या बोलणीतच ओळखलं होतं. फोनवर तुम्ही नुसतं "हं, मग?" म्हणालात तरी मी सगळं ओकून मोकळी होईन. पत्रात निदान खोडता येतं.

परवा ह्यांनी विचारलं, तुम्ही दोघी दिवसभर नक्की करता तरी काय? मी म्हटलं, जाड पोलादी भांड्यात अगदी शुद्ध पाणी घ्यायचं, इतकं शुद्ध की त्यातून वीजही धड जात नाही. ते दाबाखाली दोनशे अठ्ठ्याऐंशी अंशांपर्यंत तापवायचं, पण उकळू द्यायचं नाही. त्यात स्टेनलेसची चकती आठवडाभर बुडवून ठेवायची आणि तिच्यावर किती व्होल्टेज येतं ते बघायचं. त्यावरून कळतं की या पाण्यात हा धातू वर्षानुवर्षं सुखाने राहील की त्याला आतून भेगा पडतील. ह्यांनी चष्म्याची काच पुसता पुसता विचार केला आणि म्हणाले, म्हणजे तुम्ही धातूची तब्येत विचारता. चष्म्याच्या दुकानात बसणाऱ्या माणसाने हे म्हणावं! तुमचा भाऊ मला त्या क्षणी इतका आवडला की मी भाजी करपवली.

आता गंभीर होते. दोघींचे आकडे वीस मिलिव्होल्टांच्या आत जुळले तर आमची प्रयोगशाळा राहील. नाही जुळले तर तुमची जुनी आणि नावाजलेली, म्हणून तुमचंच खरं धरणार, आमच्या खोलीला कुलूप लागणार आणि माझी मुख्य कार्यालयात टेबलावर बदली होणार. आगगाडीने नऊ तास. लग्नाला चार महिने झालेत, वन्सं. दोन खोल्यांत आत्ता कुठे घर लागतंय. मला नाही जायचं. हे मात्र मी गमतीत लिहीत नाही.

एक मिरवायचं राहिलंच. टाकीपासून पंपापर्यंतची जुनी पोलादी नळी गळायची, म्हणून मी नवी प्लास्टिकची बसवली. पारदर्शक आहे. पाणी पळताना दिसतं. दुपारी काम नसलं की मी नुसती बघत बसते.

तुमची,
भावजय


१५ फेब्रुवारी

भावजयबाई,

चकती टेबलाखाली गेली. झालं समाधान? गुडघा धरून वाकले, टेबलाखाली हरवलेलं पेनाचं टोपण आणि दोन स्क्रू सापडले, शेवटी चकतीही सापडली. शिव्या तुलाच दिल्या.

नियमाप्रमाणे ती घासून पुन्हा आरशासारखी केली आणि माझ्या भांड्यात आठवडाभर ठेवली. घासायच्या आधी मात्र खिडकीपाशी नेऊन बराच वेळ बघत होते. काय बघत होते ते विचारू नकोस. नियम म्हणजे नियम. माझ्या तोंडात तीळच काय, अख्खं पोतं भिजतं.

आकडा पाकिटात घालून साहेबांना पाठवला. चकती माझ्या भांड्यातून निघाली तशीच, न घासता, परत पाठवतेय.

धाकट्याला सांग, धातूची तब्येत विचारण्याआधी थोरल्या बहिणीची विचार. महिनाभर फोन नाही. आणि बदलीचं आत्तापासून डोक्यात घेऊ नकोस. आकडे जुळतील. मी एकोणीस वर्षं हेच करतेय, आणि तुझा हात माझ्यापेक्षा हलका आहे. हे वाक्य दुसऱ्यांदा माझ्याकडून मिळणार नाही, तेव्हा कापून ठेव.

तुझी नणंद,
थोरली आणि तापट


२१ फेब्रुवारी

वन्सं,

वाक्य कापून आरशाला चिकटवलं आहे. हे दाढी करताना रोज वाचतात आणि म्हणतात, हे ताईचं अक्षर नाही, कोणीतरी खोटी सही केली असणार.

पण आता ऐका. साहेबांची चिठ्ठी तुम्हालाही मिळाली असेल. तफावत तीनशे मिलिव्होल्टांच्या वर. वीसच्या आत हवी होती आणि तीनशे! कोणाचा आकडा वर आणि कोणाचा खाली, तेही सांगितलेलं नाही. फक्त एवढंच, की एक शेवटची फेरी मिळेल. या वेळी एकाच कांबीतून कापलेल्या दोन नव्या चकत्या, एक तुम्हाला, एक मला, आणि चार मार्चला दोघींनी एकाच दिवशी सुरू करायचं.

चिठ्ठी वाचून मी आधी रडले. मग हे माझी समजूत घालायला आले आणि स्वतःच रडायला लागले, तेव्हा मला हसू फुटलं. दोन खोल्यांच्या घरात दोघं एकदम रडली की एकाला बाहेर जावं लागतं, रुमाल वाळत घालायला जागाच नाही. शेवटी बदलीच्या गावाला आठवड्याला किती गाड्या जातात हे बघायला म्हणून ह्यांनी वेळापत्रक काढलं, आणि आम्ही त्यातली स्टेशनांची नावं मोठ्याने वाचून हसत बसलो. वेड लागलंय आम्हाला, दुसरं काही नाही.

तुमच्याकडून आलेली चकती मी पाहिली. ती पाहून मला काहीतरी कळलं. काय कळलं ते

(इथल्या तीन ओळी मीच खोडल्यात. उजेडासमोर धरून वाचायचा प्रयत्न करू नका.)

चुकतंय कुठे हे शोधायला माझ्याकडे अकरा दिवस आहेत. चुकत असेल तर माझंच, हे उघड आहे.

तुमची,
भावजय


२४ फेब्रुवारी

भावजयबाई,

उजेडासमोर धरून पाहिलं. काही दिसलं नाही. चांगलं खोडतेस.

काल धाकट्याचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलला, हवा कशी आहे, गुडघा कसा आहे. लहानपणी खोडी केली की असाच बोलायचा. मी म्हटलं, मुद्द्याचं बोल. तर म्हणाला, "ताई, ती जाईल का गं?" मी फोन ठेवून दिला. त्याला खोटा धीर द्यायचा नव्हता म्हणून ठेवला, चिडून नव्हे. हे त्याला सांग, तो बिचारा समजत असेल मी रागावले.

बरं, सहज विचारते. ती तुझी नवी नळी. कुठल्या जातीचं प्लास्टिक, आतून किती रुंद, लांबी किती, आणि कुठल्या दुकानात मिळाली? नीट मोजून कळव. बाकी काही नाही, उगाच आपली चौकशी.

तुझी,
नणंद


२७ फेब्रुवारी

वन्सं,

तुमचा प्रश्न समजला. पुरेपूर समजला. मी पत्र हातात घेऊन प्रयोगशाळेत तीन गिरक्या घेतल्या आणि बाटल्या धुणाऱ्या बाईंनी विचारलं, दिवस गेले का? नाही म्हटलं, नणंदेचं पत्र आलं. त्या म्हणाल्या, नणंदेचं पत्र आल्यावर नाचणारी आजवर पाहिली नव्हती.

तुम्ही नियम मोडला नाहीत आणि तरी मला वाचवलंत. जास्त लिहीत नाही, नाहीतर पुन्हा खोडावं लागेल. पण या घरात मला नणंद म्हणून जे मिळालंय ते किती जणींना मिळतं, हे मला कळतं. एवढंच.

आणि हो, चौकशीचं उत्तर. नळी टेफ्लॉनची, आतून चार मिलिमीटर, लांबी बरोबर दीड मीटर. स्टेशनसमोर रबरी वस्तूंचं दुकान आहे, तिथून आणली. तुम्हाला माहिती नको होती हे मला ठाऊक आहे, पण विचारलंत म्हणून सांगते.

तुमची,
नाचरी भावजय


१२ मार्च

भावजयबाई,

काल आठवडा संपला. पाकीट टाकलं.

मी या वेळी एक अशी गोष्ट केली आहे जी एकोणीस वर्षांत केली नव्हती. ती काय, हे निकाल लागल्यावर सांगेन. सध्या एवढंच सांगते की तू निश्चिंत झोप. माझ्या हाताखालचा मदतनीस मला दोनदा विचारून गेला की बाई, तब्येत बरी आहे ना. मी कामावर असताना गुणगुणत होते म्हणे.

धाकट्याला सांग की वेळापत्रक रद्दीत घाल आणि खिडक्यांना पडदे घे. खोलीला कुलूप लागत नाही. थोरलीचा शब्द आहे.

तुझी,
नणंद


१९ मार्च

वन्सं,

पडदे घेतले होते. पिवळे. आता ते बघून हसावं की रडावं कळत नाही, म्हणून आळीपाळीने दोन्ही करते आहे.

निकाल आला. या वेळी साहेबांनी चारही आकडे लिहून पाठवले, कारण त्यांच्या मते लपवण्यासारखं काही उरलेलं नाही. तुमच्याकडे प्रत आली नसेल तर इथे देते.

पहिली फेरी: मी उणे १६५, तुम्ही उणे ४७२.
दुसरी फेरी: मी उणे ४६८, तुम्ही उणे १७१.

पुन्हा तीनशेच्या आसपास, फक्त उलटं! साहेब लिहितात, दोन्ही प्रयोगशाळा एकमेकींचा आकडा देत असल्याचा हा त्यांच्या नोकरीतला पहिलाच प्रसंग. खुलाशासाठी सोबत एक फॉर्म जोडला आहे. त्यात एकच मोठा रकाना: दुसऱ्या फेरीत मांडणीत केलेला बदल आणि त्याचं कारण. तीस तारखेला ते स्वतः येऊन काय तो निर्णय देणार आहेत.

वन्सं, तुम्ही काय केलंत?

मी काय केलं ते सांगते, आता नियमही उरलेला नाही. पहिल्या फेरीनंतर तुमच्याकडून चकती काळी कुळकुळीत होऊन आली. माझ्याकडून ती तांबूस होऊन गेली होती. तुमच्या पाण्यात ऑक्सिजन नाही आणि माझ्या पाण्यात आहे, एवढं मला लगेच कळलं. पण तो येतो कुठून हे कळेना. मग तुम्ही नळीचं विचारलंत. प्लास्टिकच्या भिंतीतून हवा झिरपते, हे तुम्ही मला किती सुंदर सुचवलंत असं मला वाटलं. मी नळी काढून फेकली, सहकाऱ्याच्या हातापाया पडून पोलादाची नवी करवून घेतली आणि आकडा सरळ तुमच्या शेजारी जाऊन बसला. मी जग जिंकल्यासारखी घरी आले. आणि तुम्ही तिथून निघून गेलात!

ह्यांनी आज दुपारी पुन्हा वेळापत्रक काढलं. रद्दीत घातलं नव्हतं. हसलो मात्र नाही.

तुमची,
भावजय


२१ मार्च, तातडीने

अगं वेडे,

मी सुचवलं नव्हतं! मी खरंच मापं मागत होते!

आता सगळं सांगते. खोकं उघडलं आणि तुझी तांबूस चकती दिसली. तुझ्या पाण्यात हवा शिरतेय हे मलाही तिथेच कळलं, आणि कुठून ते तुझ्याच पहिल्या पत्रात होतं, पाणी पळताना बघत बसतेस म्हणून. मला तुला सांगता येत नव्हतं. मग साहेबांची चिठ्ठी आली आणि धाकट्याचा फोन आला. दोन दिवस जेवण गेलं नाही. साहेबांचं या चाचणीचं परिपत्रक काढून तीन वेळा वाचलं. त्यात लिहिलंय "शुद्ध, तापलेलं पाणी". ऑक्सिजन काढून टाका असं एका शब्दाने लिहिलेलं नाही. म्हटलं, मग तिचं पाणीही नियमातच बसतं. तिलाच का हलवायचं? मी हलते. तुझ्या सांगण्याप्रमाणे टेफ्लॉनची नळी आणली, आतून चार मिलिमीटर, फूटपट्टी लावून दीड मीटर. एकोणीस वर्षांच्या माझ्या मांडणीत मी स्वतःच्या हाताने हवा सोडली. आणि त्याच दिवसांत तिकडे तू तुझी नळी काढून फेकत होतीस.

खरं कारण सांगू? तुझी खोली बंद पडू नये म्हणून. तू आल्यापासून माझा भाऊ माणसांत आला. तू नऊ तासांवर गेलीस तर तो पुन्हा काचा पुसत गप्प बसेल, आणि मलाही पत्र कोण लिहिणार? सांगून टाकलं. आयुष्यात एकदा माघार घेतली आणि नेमकी त्याच वेळी समोरून तूही घेतलीस.

तुझं पत्र वाचून मी कपाळाला हात लावून बसले होते. मग ते चार आकडे पुन्हा पाहिले आणि खुर्चीवरून उठले. मदतनीस म्हणाला, बाई, पुन्हा? तूही उठ. ते आकडे आडवे वाचू नकोस. तिरके जोड.

प्लास्टिकची नळी: तुझे उणे १६५, माझे उणे १७१. फरक सहा.
पोलादाची नळी: तुझे उणे ४६८, माझे उणे ४७२. फरक चार.

वीस चालणार होते ना? आपले सहा आणि चार आहेत! पाणी सारखं असलं की तुझा आकडा आणि माझा आकडा सारखाच येतो. एका पाण्यात जुळणं कोणालाही योगायोगाने जमतं. आपण दोन्ही पाण्यांत जुळलो, तेही दोन गावांत बसून, एकमेकींना न सांगता. परिपत्रकात जे लिहायचं राहिलं होतं तेच आपण मोजून दाखवलंय. तीनशे मिलिव्होल्ट तुझ्या-माझ्यात नव्हते, ते त्या नळीच्या भिंतीतून येत होते.

हे सगळं साहेबांसमोर तूच मांडायचंस, कारण खोली तुझी आहे. फॉर्म मी आजच भरून पाठवते. तू तुझा भर. काय लिहायचं ते मला विचारू नकोस, मीही तुला विचारत नाही.

पडदे पिवळे घेतलेत? धाकट्याने निवडले असणार.

तुझी,
नणंद


३० मार्च

वन्सं,

साहेब आत्ता गेले. घाईत लिहितेय, अक्षर लावून घ्या.

सकाळी दहाला आले. चहा नको म्हणाले. मी फळ्यावर चार आकडे लिहिले, दोन तिरक्या रेघा मारल्या आणि दोन चकत्या त्यांच्या तळहातावर ठेवल्या, तुम्ही धाडलेली तांबूस आणि माझी काळी. पोलादी नळी दाखवली, जुनी प्लास्टिकची कचऱ्यातून काढून आणली होती तीही दाखवली. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि फळ्यासमोर इतका वेळ उभे राहिले की मला वाटलं, माणूस उभ्याउभ्या झोपला. मग त्यांनी बॅगेतून स्वतःचं परिपत्रक काढलं, "शुद्ध" या शब्दाखाली रेघ मारली आणि म्हणाले, चूक माझी आहे. आणि मग चहा मागितला.

चहा घेताना त्यांनी आपले दोन फॉर्म शेजारी शेजारी ठेवले. मी माझ्या रकान्यात चिकटवलेल्या पानांसकट दोन पानं लिहिली होती, ऑक्सिजन, प्लास्टिक, आलेख, सगळं. शेवटी एक ओळ होती: दुसऱ्या प्रयोगशाळेचा आकडा चुकीचा असू शकेल हे माझ्या मनात आलं नाही, कारण तिथे माझी नणंद आहे. ती खोडायची की ठेवायची यावर घरी ह्यांच्याशी तासभर वाद घातला होता. राहिली.

आणि तुमचा फॉर्म. वन्सं, तुम्ही बदल लिहिलात: "नळी". आणि कारण लिहिलंत: "भावजय". बस. एकोणीस वर्षांच्या नोकरीत सरकारी कागदावर तुम्ही एवढंच लिहिलंत.

साहेबांनी विचारलं, "हे काय कारण झालं?"

मी म्हटलं, "साहेब, खरं कारण तेच आहे. माझंही."

ते हसले. सहकारी सांगत होता, साहेबांना हसताना इमारतीत कोणी पाहिलेलं नाही. मग त्यांनी तिथल्या तिथे लिहून दिलं. प्रयोगशाळा चालू राहणार. बदली रद्द. नवं परिपत्रक आपण दोघींनी मिळून लिहायचं आणि त्यात ऑक्सिजन किती असावा तेही आपणच ठरवायचं. मी लगेच ह्यांना दुकानात फोन केला. गिऱ्हाईकाच्या नाकावर चष्मा अर्धा चढवून हे तसेच धावत आले. आता बाहेर बाकावर बसून बाटल्या धुणाऱ्या बाईंना व्होल्टेज म्हणजे काय ते समजावताहेत, आणि सगळं चुकीचं सांगताहेत.

निघताना साहेबांनी माझा फॉर्म फाइलला लावला. तुमचा नाही लावला. त्याची घडी घालून खिशात ठेवली. मी म्हटलं, साहेब, तो रेकॉर्डचा आहे. तर म्हणाले, उद्या आणून लावतो. आज घरी नेतो. माझ्या घरीही एक बहीण आहे आणि एक बायको आहे, दोघींना समोरासमोर बसवून वाचून दाखवायचा आहे.

तुमची, आणि इथेच राहणारी,
भावजय